प्रतिज्ञादिनापासून ध्वजवंदनापर्यंत : नगर जिल्हा आणि राष्ट्रीय दिनांची घडण

भारतीय प्रजासत्ताकाच्या राष्ट्रीय सणांपैकी २६ जानेवारी हा दिवस १५ ऑगस्टपेक्षा सतरा वर्षांनी वडील आहे, आणि त्याचा जन्म सुट्टीसाठी, संचलनासाठी किंवा मानवंदनेसाठी झालेला नसून एका जाहीर प्रतिज्ञेसाठी झालेला आहे, ही गोष्ट शाळेच्या पटांगणावर झेंड्याला सलामी देत वाढलेल्या पिढ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. मिळालेल्या स्वातंत्र्याबद्दल कृतज्ञ राहणे हे या दिवसांचे आजचे प्रयोजन आहे; न मिळालेल्या स्वातंत्र्यासाठी स्वतःला बांधून घेणे हे त्यांचे मूळ प्रयोजन होते. एका प्रयोजनाचे दुसऱ्यात रूपांतर कसे झाले हे जवळून पाहायचे असेल तर पूर्वीचा अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर, हा जिल्हा त्यासाठी विशेष सोयीचा आहे. त्याच्या मुख्य शहरातील भुईकोटात, म्हणजे डोंगरावर न बांधता सपाट जमिनीवर बांधलेल्या आणि खंदकाने वेढलेल्या किल्ल्यात, काँग्रेसची कार्यकारिणी अडीच वर्षांहून अधिक काळ बंदिवान होती. त्याच्या पश्चिमेकडील अकोल्याच्या डोंगरांत त्याच्या शतकभर आधीच इंग्रजी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले गेले होते. त्याच्या पूर्व सीमेवर १५ ऑगस्ट १९४७ चे स्वातंत्र्य येऊन थांबले होते. आणि शहराला लागूनच असलेल्या छावणीने युद्धात पडलेल्यांचे स्मरण हा आपल्या शिस्तीचाच भाग मानला. या सर्वांकडे एकत्र पाहिले असता असे दिसते की त्यागाच्या तारखा आणि त्याच्या स्मरणाच्या तारखा एकमेकींशी क्वचितच जुळतात, आणि कोणता त्याग दिनदर्शिकेत चढला हे बरेचदा त्यागाच्या तोलावर ठरण्याऐवजी त्याची नोंद कोणाच्या हातून झाली यावर ठरले.

डिसेंबर १९२९ च्या अखेरीस लाहोर येथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाने वसाहतीच्या दर्जाची, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यात राहून मिळणाऱ्या अंतर्गत स्वराज्याची, मागणी मागे टाकून पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. त्यानंतर २ जानेवारी १९३० रोजी कार्यकारिणीने ठरवले की महिन्यातील शेवटचा रविवार, २६ जानेवारी, हा देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळावा. तारखेच्या निवडीमागे कोणतीही लढाई, हौतात्म्य वा जयंती नव्हती, आणि नेमकी हीच तिची विशेषता होती. ज्या दिवशी काहीही घडलेले नाही, तो दिवस लोकांनी काहीतरी घडवण्यासाठी निवडला होता. त्या दिवशी सभांमधून वाचल्या गेलेल्या प्रतिज्ञापत्रात परकीय सत्तेने देशाची आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक आणि आत्मिक हानी केल्याचे आरोप एकामागून एक मांडलेले होते, आणि अशा सत्तेपुढे यापुढे मान तुकवणे हा गुन्हा ठरेल असा निष्कर्ष काढून, सहकार्य काढून घेण्याची आणि कर न देण्याची तयारी करण्यास वाचणाऱ्याला बांधून घेतले होते. गांधीजींनी या दिवसासाठी दिलेल्या सूचना आजच्या समारंभांच्या तुलनेत कोरड्या वाटाव्यात इतक्या साध्या होत्या. सभेत भाषणे होऊ नयेत, प्रतिज्ञा लोकांच्या भाषेत वाचावी, संमती असणाऱ्यांनी हात वर करावेत, आणि उरलेला दिवस सूतकताई, अस्पृश्यांची सेवा, हिंदू-मुसलमानांचे ऐक्य, दारूबंदी अशा विधायक कामात घालवावा, असे त्यांचे सांगणे होते. या योजनेत प्रेक्षक नावाचा वर्गच नव्हता.

याच काळात सरकारी दिनदर्शिकाही रिकामी नव्हती. व्हिक्टोरिया राणीला १ जानेवारी १८७७ रोजी भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित केल्याच्या स्मरणार्थ छावण्यांमधून दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या दिवशी लष्करी संचलन होई. राजाचा वाढदिवस आणि २४ मेचा साम्राज्यदिन हेही पाळले जात. आणि पहिल्या महायुद्धानंतर ११ नोव्हेंबर या युद्धविरामाच्या दिवसाची त्यांत भर पडली. नगरसारख्या छावणीच्या गावात १९३० नंतर राष्ट्राच्या नावाने दोन वेगळी पंचांगे चालू लागली. एकात सत्तेने बोलावले की रांगेत उभे राहायचे होते आणि दुसऱ्यात सत्तेने मनाई केली असतानाही जमायचे होते. पुढे स्वतंत्र भारताने आपला सोहळा रचताना दुसऱ्या पंचांगातली तारीख घेतली आणि पहिल्या पंचांगातली संचलनाची पद्धत घेतली, ही निवड जाणीवपूर्वक झाली की सवयीने, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही.

परंतु जिल्ह्याच्या भूमीवर इंग्रजी सत्तेविरुद्ध रक्त सांडायला १९३० च्या बऱ्याच आधी सुरुवात झाली होती. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील अकोले तालुक्यातील देवगाव हे महादेव कोळी समाजाच्या भांगरे घराण्याचे गाव. पेशवाई बुडाल्यानंतर डोंगरी मुलखातील नाईकांची, म्हणजे किल्ल्यांच्या आणि घाटवाटांच्या राखणीच्या मोबदल्यात वतन वा वेतन मिळवणाऱ्या प्रमुखांची, जुनी व्यवस्था कंपनी सरकारने मोडीत काढली, आणि त्याच वेळी रोख स्वरूपातील शेतसारा व न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वसूल होणारे सावकारी कर्ज हे दोन्ही डोंगरात शिरले. रामजी भांगरे यांनी १८२९ च्या सुमारास बंड पुकारले, आणि त्यांचे पुत्र राघोजी यांनी १८४४ पासून नगर, नाशिक, पुणे आणि ठाणे यांच्या सीमांवरील डोंगरपट्ट्यात सावकार आणि सरकार या दोघांनाही सारखेच हैराण करून सोडले. इंग्रजी गॅझेटिअरांनी, म्हणजे सरकारने छापलेल्या जिल्हावार माहितीग्रंथांनी, या उठावाची नोंद दरोडेखोरीच्या सदरात केली. कर्जखते बळकावून नष्ट करणाऱ्या माणसाला दरोडेखोर म्हणावे की कर्जमुक्तीचा कार्यकर्ता, हे वाचणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असते, पण शिक्षेच्या बाबतीत सरकारला कोणताही संभ्रम पडला नाही. जानेवारी १८४८ मध्ये पंढरपूर येथे राघोजी पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. काँग्रेसची स्थापना त्यानंतर सदतीस वर्षांनी झाली.

अठराशे सत्तावनच्या उठावाचा दक्षिणेतील एक धागाही याच भागातून गेला आहे. पोलीस दलात पूर्वी अधिकारी असलेले भिल्ल पुढारी भागोजी नाईक यांनी नांदूर शिंगोटे येथे भिल्लांना गोळा केले, आणि ४ ऑक्टोबर १८५७ रोजी झालेल्या चकमकीत नगरचा पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारला गेला. हे गाव आज नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात असले तरी नाशिक जिल्ह्याची निर्मिती १८६९ मध्ये झाली, त्यामुळे घटनेच्या वेळी तो मुलूख नगरच्याच अंमलाखाली होता. दोन वर्षे पाठलाग झाल्यावर ११ नोव्हेंबर १८५९ रोजी मिठसागर येथे भागोजी आणि त्यांचे अनेक साथीदार मारले गेले. या पाठलागासाठी कॅप्टन नटॉल याने ज्या खास पलटणीचा उपयोग केला ती महादेव कोळ्यांची होती, म्हणजे ज्या समाजातील राघोजींना सुमारे दशकभरापूर्वी फाशी दिली गेली त्याच समाजाच्या तरुणांना भिल्लांवर सोडण्यात आले. राष्ट्रीय स्मरणाला अशा गुंतागुंतीच्या गोष्टी पेलत नाहीत, म्हणून ते सहसा भागोजींचे नाव तेवढे घेऊन पुढे जाते. मारले गेलेले भिल्ल आणि त्यांना मारण्यासाठी भरती झालेले कोळी या दोघांच्याही घरी गरिबी सारखीच होती, हे मात्र गॅझेटिअरांतील महसुलाचे आकडे वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

डोंगरातील या सशस्त्र परंपरेला आणि पुढच्या सत्याग्रही परंपरेला एकाच आयुष्यात जोडणारा माणूस पारनेरने दिला. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेलेला हा विद्यार्थी पॅरिसमध्ये बॉम्ब बनवण्याची विद्या शिकून परतला, काही वर्षे अज्ञातवासात राहिला, आणि मग पारनेरला येऊन त्याने पहाटे उठून गावाचे रस्ते झाडण्याचे व्रत घेतले. टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मावळ्यांच्या बाजूने १९२१ ते १९२४ या काळात मुळशीचा सत्याग्रह चालवल्यामुळे त्यांना सेनापती ही पदवी लोकांकडून मिळाली, आणि त्यासाठी दीर्घ कारावासही भोगावा लागला. मुळशीचे धरण झाले, जमिनी बुडाल्या, सत्याग्रह हरला. स्वतंत्र भारताने १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुणे शहरात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान मात्र याच सेनापतींना दिला. मान देणाऱ्यांना बापटांची देशभक्ती आठवत होती आणि मुळशीचे शेतकरी कितपत आठवत होते हे सांगणे कठीण आहे. बापटांच्या स्वतःच्या लेखी त्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या, आणि पुढे गोवामुक्तीच्या व संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत उतरताना त्यांनी स्वातंत्र्य मिळाले म्हणून प्रतिज्ञा संपली असे मानले नाही.

जिल्ह्याच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध प्रकरणाची सुरुवात ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत झाली. आदल्या रात्री गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव संमत झाला होता. उजाडण्यापूर्वीच पोलिसांनी नेत्यांना ताब्यात घेतले आणि एका खास आगगाडीत बसवले. चिंचवडला गांधीजी आणि त्यांच्या सोबत्यांना उतरवून पुण्याच्या आगाखान राजवाड्याकडे नेण्यात आले, आणि कार्यकारिणीच्या सदस्यांना घेऊन गाडी नगरकडे गेली. मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष, सय्यद महमूद आणि महाराष्ट्रातून एकटे शंकरराव देव, असे बारा जण भुईकोटात आले. ते कोठे आहेत हे सरकारने सुरुवातीला जाहीर केले नाही, आणि पहिले काही आठवडे त्यांना वर्तमानपत्रे व पत्रे मिळत नव्हती.

हा किल्ला कैद्यांना नवा नव्हता. बोअर युद्धात पकडलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या कैद्यांना आणि दोन्ही महायुद्धांच्या काळात जर्मनांना नगरमध्ये ठेवण्यात आले होते. त्याही मागे पाहिले तर मलिक अहमद निजामशाहाने १४९० मध्ये शहराचा पाया घातल्यानंतर उभारलेला हा कोट हुसेन निजामशाहाने सोळाव्या शतकाच्या मध्यावर दगडात बांधला. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्याविरुद्ध तो लढवला आणि १६०० मध्ये स्वपक्षीयांच्याच हातून ती मारली गेली. पेशव्यांकडून शिंद्यांकडे आणि १२ ऑगस्ट १८०३ रोजी शिंद्यांच्या किल्लेदाराकडून आर्थर वेलस्ली या पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेल्या सेनापतीकडे तो गेला. हा इतिहास कैद्यांना चांगलाच ठाऊक होता. मौलाना आझादांनी तर आपल्या तुरुंगाधिकाऱ्याला चांदबिबीच्या काळातील एका किल्लेदाराच्या नावावरून ‘चीताखान’ असे टोपणनाव दिले. वेळ घालवण्यासाठी बाग फुलवू लागलेल्या नेहरूंना माती खणताना जुन्या भिंतींचे आणि घुमटांचे अवशेष लागत, दगडात कोरलेले एक कमळही एकदा दिसले, पण खोल खणणे अधिकाऱ्यांना पसंत नव्हते, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

लिहून ठेवणे हेच या कैदेचे वैशिष्ट्य ठरले. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ येथेच लिहिला आणि तो भुईकोटातील आपल्या सहबंद्यांना अर्पण केला. आझादांनी आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून, कधीच टपालात न पडलेली उर्दू पत्रे लिहिली, ती पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली; चिनी चहाची लज्जत, खोलीत घरटे करू पाहणाऱ्या चिमण्या, ईश्वराच्या अस्तित्वाचा प्रश्न आणि संगीत असे विषय एकाच आरामशीर आवाजात हाताळणारे हे पुस्तक वाचताना तो माणूस तुरुंगात आहे याचा वाचकाला पुष्कळदा विसर पडतो. नरेंद्र देव यांनी बौद्ध तत्त्वज्ञानातील ‘अभिधर्मकोश’ या ग्रंथाच्या अनुवादाचे काम हाती घेतले, महताबांनी ओरिसाच्या इतिहासाचे, आणि पट्टाभींनी आपल्या आठवणींचे व टिपणांचे. या पुस्तकांमुळे भुईकोटाचे नाव भारतभर गेले. परंतु त्या आरामशीर आवाजाखाली काय दडले होते हे एका प्रसंगावरून कळते. आझादांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्याला गंभीर आजारी असताना, सरकारला काही विनंती करावयाची असल्यास ती पोहोचवली जाईल असे तुरुंगाधिकाऱ्याने त्यांना सुचवले. त्यांनी विनंती करण्यास नकार दिला, आणि ९ एप्रिल १९४३ रोजी बेगम वारल्या. सरकारपुढे हात न पसरण्याची १९३० ची प्रतिज्ञा सार्वजनिक व्यवहारापुरती होती. ती खाजगी दुःखालाही लागू करण्याचा निर्णय आझादांचा स्वतःचा होता, आणि त्याची किंमत त्यांच्याबरोबर दुसऱ्या एका व्यक्तीनेही मोजली. घराघरांतून अशा रीतीने मोजल्या गेलेल्या किमतीचा उल्लेख राष्ट्रीय दिनाच्या भाषणांत फारसा येत नाही.

भुईकोटातील या कैदेत २६ जानेवारी तीनदा आली: १९४३, १९४४ आणि १९४५. सय्यद महमूद १९४४ च्या ऑक्टोबरात सुटले, बाकीच्यांना १९४५ च्या मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या त्यांच्या प्रांतांतील तुरुंगांत हलवण्यात आले, आणि पाच वर्षांच्या आत यांपैकी बहुतेक जण सत्तेच्या स्थानी होते. नेहरू पंतप्रधान, पटेल उपपंतप्रधान, आझाद शिक्षणमंत्री, पंत, घोष आणि महताब आपापल्या प्रांतांचे मुख्यमंत्री, असफ अली अमेरिकेतील पहिले भारतीय राजदूत. भुईकोटाच्या स्मरणाला राष्ट्रीय दर्जा मिळण्यामागे या वस्तुस्थितीचा मोठा वाटा आहे, असे म्हणण्याने त्यांच्या कैदेचे मोल उणावत नाही. राघोजी भांगरे यांनी ग्रंथ लिहिला नाही आणि त्यांचे साथीदार मंत्री झाले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

नेते किल्ल्यात असताना बाहेर लढा कोणी चालवला, या प्रश्नाचे एक उत्तर त्याच शहरात सापडते. नगरचे वकील हरि केशव पटवर्धन यांचे पुत्र अच्युतराव पटवर्धन हे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. बेचाळीसच्या ऑगस्टपासून ते भूमिगत झाले, म्हणजे नाव, वेष आणि मुक्काम बदलत पोलिसांना चुकवून काम करू लागले, आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारला, म्हणजे नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली गावोगाव इंग्रजी अंमलाला समांतर उभ्या राहिलेल्या लोकसत्तेला, त्यांचे मार्गदर्शन लाभले. पकडले न जाता त्यांनी तो सगळा काळ काढला. त्यांचे वडीलबंधू रावसाहेब पटवर्धन यांनीही स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास सोसला, आणि साने गुरुजींच्या मृत्यूनंतर आचार्य जावडेकरांच्या बरोबरीने ‘साधना’ साप्ताहिकाच्या संपादनाची जबाबदारी काही वर्षे उचलली. दोघांनीही सत्तापद घेतले नाही. अच्युतराव तर १९५० मध्ये राजकारणातून पूर्णपणे बाजूला झाले आणि बनारसला अध्यापन करू लागले. राष्ट्राने त्यांची आठवण ठेवावी अशी काही व्यवस्था करण्यात त्यांना रस नव्हता. कृतज्ञता व्यक्त करू पाहणाऱ्या समाजापुढे अशी माणसे एक वेगळीच अडचण उभी करतात, कारण ती कोणत्याही समारंभात सापडत नाहीत.

पंधरा ऑगस्ट ही तारीख भारतीयांनी निवडलेली नव्हती. सत्तांतराची मूळ मुदत जून १९४८ पर्यंत होती; व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनी ती अलीकडे ओढली आणि जपानच्या शरणागतीचा दुसरा वर्धापनदिन म्हणून १५ ऑगस्ट पक्की केली, कारण आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे ते सेनापती असताना ती शरणागती झाली होती. या निवडीत एक गोष्ट त्यांच्या गावीही नसावी. कार्यकारिणीला भुईकोटात आणि गांधीजींना आगाखान राजवाड्यात बंदिस्त करून सहा दिवस होतात न होतात तोच, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांचा त्या राजवाड्यात मृत्यू झाला होता. पाच वर्षांनी देश ज्या दिवशी आनंद साजरा करत होता, तो दिवस गांधीजींसाठी आधीपासूनच स्मृतिदिन होता.

नगर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला त्या दिवशी आनंदाला आणखी एक मर्यादा होती. नेवासे आणि शेवगाव तालुक्यांच्या उत्तरेला गोदावरीपलीकडे गंगापूर आणि पैठण, जामखेडच्या शेजारी आष्टी आणि पाटोदा, ही सगळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, आणि निजामाने भारतात विलीन होण्यास नकार दिला होता. ज्यांचे सोयरे, बाजार आणि वारीचे रस्ते एक होते, अशा गावांपैकी अलीकडची गावे स्वतंत्र झाली आणि पलीकडची रझाकारांच्या, म्हणजे संस्थानातील मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, दहशतीखाली राहिली. सीमा ओलांडून आलेल्या कुटुंबांना आसरा देणे हाच अलीकडच्या अनेक गावांचा त्या वर्षीचा राष्ट्रधर्म ठरला. भारतीय सैन्याने १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू केलेल्या कारवाईनंतर १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. तो दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो, आणि जुन्या सीमेच्या नगरकडील बाजूला तो कामाचा साधा दिवस असतो. तेरा महिन्यांचे हे अंतर शालेय इतिहासात एका वाक्यात मिटते.

संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले आणि त्याच्या अंमलासाठी मुद्दाम दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० ही तारीख घेतली, जेणेकरून १९३० च्या प्रतिज्ञेचा दिवस वाया जाऊ नये. पण प्रतिज्ञेतील मुख्य क्रियापद आता भूतकाळात गेले होते. जे मागायचे होते ते मिळाले होते, आणि दिवसाला नवे काम शोधणे भाग होते. ते काम मुख्यतः सैन्याने पुरवले. परमवीरचक्र हे सर्वोच्च शौर्यपदक २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि त्याचा अंमल १५ ऑगस्ट १९४७ पासून मागे नेण्यात आला, म्हणजे एकाच आदेशात दोन्ही राष्ट्रीय दिवस बांधले गेले. ध्वजदिन, ज्या दिवशी छोटे ध्वज विकून सैनिकांच्या कुटुंबांसाठी निधी गोळा केला जातो, त्याची ७ डिसेंबर ही तारीख त्याआधीच, १९४९ मध्ये, ठरली होती.

नगर शहराला या बदलाचा अर्थ प्रत्यक्ष अनुभवातून कळला. चिलखती दलाचे, म्हणजे रणगाडे चालवणाऱ्या सैन्याचे, प्रशिक्षण केंद्र १९४८ मध्ये नगरला आले, यांत्रिक पायदळाच्या रेजिमेंटचे केंद्रही पुढे इथेच उभे राहिले, आणि १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय सुरू झाले, ज्यात युद्धात जिंकून आणलेले पाकिस्तानी पॅटन रणगाडेही आहेत. पुणे हॉर्स या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १९७१ च्या अखेरीस नगरमध्ये तरुण अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम करत होते. युद्ध जवळ आल्याने तो अर्धवट सोडून त्यांना रेजिमेंटकडे बोलावून घेण्यात आले, आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी, ज्या दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आले त्याच दिवशी, बसंतर नदीच्या लढाईत वयाच्या एकविसाव्या वर्षी ते रणगाड्यात मारले गेले. छावणीच्या गावात अशा स्मरणाला तारखेची गरज लागत नाही. भुईकोटही लष्कराच्याच ताब्यात राहिल्यामुळे सामान्य नागरिकांना एरवी त्यात मर्यादित प्रवेश असे, आणि स्वातंत्र्यदिनी व प्रजासत्ताकदिनी तो खुला होत असल्याने नेत्यांच्या खोल्या पाहायला लोटणारी गर्दी हा या दोन दिवसांचा नगरी थाट बनला.

स्वातंत्र्यसैनिकांच्या बाबतीत कृतज्ञतेला कागदाचे रूप यायला पंचवीस वर्षे लागली. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारने त्यांच्यासाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली, ताम्रपटही त्याच वर्षी दिले गेले, आणि १९८० मध्ये योजनेला ‘सन्मान’ हा शब्द जोडण्यात आला. साधारणपणे सहा महिन्यांचा तुरुंगवास सिद्ध करणे ही तिची अट होती, आणि स्त्रियांसाठी व अनुसूचित जाती-जमातींसाठी ती तीन महिन्यांची होती. तुरुंगात गेलेल्यांकडे तुरुंगाची नोंद होती. भूमिगत राहिलेल्यांना आपल्या नावाचे वॉरंट, फरारी ठरवल्याचा हुकूम किंवा बक्षिसाची घोषणा दाखवावी लागे, म्हणजे ज्या कार्यकर्त्याने पोलिसांना आपले नावही कळू दिले नाही त्याची गणना सर्वांत अवघड झाली. रात्री निरोप पोहोचवणारे, भाकरी बांधून देणारे, घरात लपवून ठेवणारे यांच्यासाठी कोणताच रकाना नव्हता. प्रशासनाला दुसरा मार्ग नव्हता हे मान्य केले तरी, पंचवीस वर्षांनंतर भारत सरकारने त्याग मोजण्यासाठी इंग्रजी पोलिसांच्याच दप्तराचा आधार घेतला, यातील विसंगती लपत नाही.

प्रतिज्ञेचा जुना अर्थ मात्र एका अनपेक्षित जागी टिकून राहिला. महाराष्ट्रात ग्रामसभा, म्हणजे गावातील सर्व मतदारांची सभा, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरवण्याची रीत आहे, आणि झेंडावंदन आटोपल्यावर गावकऱ्यांनी हिशेब विचारावेत, ठराव मांडावेत आणि हात वर करून ते मंजूर वा नामंजूर करावेत, अशी तिची कल्पना आहे. अनेक गावांत गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि लाडू वाटून मंडळी घरी जातात, हे उघड आहे. तरीही नगर तालुक्यातील हिवरे बाजारसारख्या गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान, शेतीसाठी कूपनलिका न घेणे, ऊस आणि केळी यांसारखी पाणी पिणारी पिके टाळणे असे स्वतःला जाचणारे निर्णय ग्रामसभेत घेतले आणि पाळले, तेव्हा १९३० मध्ये गांधीजींनी सांगितलेल्या भाषणविरहित सभेचे काहीतरी तिथे शिल्लक होते. स्वतःवर बंधन घालून घेणारा ठराव हाच त्या पहिल्या स्वातंत्र्यदिनाचा गाभा होता, आणि संचलनापेक्षा दुष्काळी टापूतील पाण्याचा हिशेब त्या गाभ्याला जास्त जवळचा आहे.

डोंगरातील अकोल्याने आपला दिवस वेगळ्या वाटेने मिळवला. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ मध्ये ९ ऑगस्ट हा जगातील मूलनिवासी जनसमूहांचा दिवस म्हणून जाहीर केला. तारीख निवडली ती १९८२ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या एका कार्यगटाच्या पहिल्या बैठकीवरून, छोडो भारतच्या स्मरणार्थ त्याच तारखेला पाळल्या जाणाऱ्या भारताच्या क्रांतिदिनाशी तिचा कोणताही संबंध नव्हता. महाराष्ट्रातील आदिवासी संघटनांनी तो दिवस जागतिक आदिवासी दिन म्हणून उचलून धरला, आणि आता त्या तारखेला अकोले तालुक्यात आदिवासी तरुणांच्या मिरवणुका निघतात, राघोजी भांगरे यांच्या प्रतिमेला अभिवादन होते, वनहक्काच्या दाव्यांच्या आणि जमिनींच्या मागण्या मांडल्या जातात. त्याच सकाळी नगरमध्ये भुईकोटात आणलेल्या नेत्यांच्या स्मरणाचा क्रांतिदिन पाळला जातो. एकाच जिल्ह्यात, एकाच तारखेला, दोन इतिहास स्मरले जातात, आणि त्यांपैकी मागण्यांची यादी घेऊन जमणारा समुदाय डोंगरातला असतो.